हँडल थरथरते म्हणून स्टीअरिंग डॅम्पर घेताय? थांबा, आधी कोन सेट पाहा

अमरावती ते अकोला हा आपला राष्ट्रीय महामार्ग ५३. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'सहा नंबर'. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ज्यांनी त्याआधीचे खड्डे खाल्ले, त्यांना या गुळगुळीत रस्त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण रस्ता चांगला झाला की गाड्या पळतात. समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणून आपल्या भागातली आर-१५, ड्यूक, आरसी, पल्सर, अपाची घेतलेली पोरं याच रस्त्यावर दिसतात. आणि मग एक तक्रार ऐकू येते, "भाऊ, नव्वदच्या वर गेलं का हँडल लटलट करते." त्यावर कोणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो. तो सांगतो, डॅम्पर बसव, एकदम मक्खन चालते.

माझ्यासोबत हे झालं म्हणून लिहितो आहे. माझी गाडी २०० सीसी. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक कंटेनर बाजूने गेला, हवेचा झटका बसला आणि हँडल आपोआप डावीकडे-उजवीकडे हलू लागलं. तीन-चार सेकंदांचाच खेळ, पण त्या तीन-चार सेकंदांत घरचे सगळे आठवले. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवर गेलो तर गाडीला हात न लावता मला सहा हजारांचा डॅम्पर सांगितला. मी घेणारही होतो. पैसे कमी पडले म्हणून वाचलो. नंतर गावाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं, हँडल हळूच फिरवलं आणि म्हणाले, "हे पाय भाऊ, मंधात खटका लागते का नाही? कोन सेट गेला हाय तुया. डॅम्पर काय करीन याले?" दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता. काही शे रुपयांत काम झालं.

म्हणून या लेखात डॅम्पर कसा निवडायचा आणि कसा सेट करायचा हे सांगणारच आहे, पण ते थोडं पुढे.

डॅम्पर म्हणजे नेमकं काय

फोनवर बोलताना समोरच्याला 'डंपर' ऐकू येतो, तो नाही. स्टीअरिंग डॅम्पर हा एक छोटा शॉकअप समजा, फक्त आडवा. एक टोक गाडीच्या चेसिसला, दुसरं टोक हँडलच्या टीला किंवा पुढच्या शॉकअपच्या नळीला. आत तेल आणि पिस्टन. हँडल हळू फिरवलं तर तेल बारीक छिद्रातून आरामात जातं, काही अडथळा वाटत नाही. हँडलला एकदम जोराचा झटका बसला तर तेल तितक्या वेगाने जाऊ शकत नाही, म्हणून तो झटका तिथेच मरतो. विहिरीच्या पाण्यात हात हळू फिरवून बघा आणि मग जोरात फिरवून बघा, तोच हिशोब.

ही वस्तू नवीन नाही. जुन्या बुलेटला हँडलच्या मधोमध एक गोल नॉब असायचा. तो आवळला की हँडल जड व्हायचं. तोही डॅम्परच, फक्त तेलाऐवजी चकत्यांच्या घर्षणावर चालणारा. साइडकार लावलेल्या गाडीला त्याचा खरा उपयोग होता. आज सुझुकीच्या हायाबुसाला किंवा कावासाकीच्या झेडएक्स-१०आरला डॅम्पर कंपनीतूनच बसवून येतो, कारण त्या गाड्यांची ताकद आणि वेग तसा आहे. आपल्याकडच्या १५० ते ४०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना तो कंपनी देत नाही. का देत नाही? खर्च वाचवायला, हे एक कारण झालंच. पण मोठं कारण हे की चांगल्या अवस्थेतल्या अशा गाडीला त्याची गरज पडत नाही.

हँडल थरथरतं कशामुळे

सरकारी दवाखान्यातलं स्ट्रेचर जोरात ढकललं की त्याचं पुढचं एखादं चाक फडफड करतं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मोटारसायकलचं पुढचं चाकही त्याच जातीचं. हँडलच्या दांड्याची रेघ खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. त्यामुळेच गाडी सरळ चालते आणि हात ढिला सोडला तरी हँडल मध्यावर येतं. पण मध्यावर येताना ते थोडं पलीकडे जातं, मग परत अलीकडे. चांगल्या गाडीत ही हालचाल एक-दोन झटक्यांत विरते. कुठे ढिलेपणा असेल तर विरत नाही, उलट वाढत जाते.

स्पोर्ट गाडीत दांडा जास्त उभा असतो आणि ट्रेल कमी ठेवलेला असतो. त्यामुळे ती वळणावर पटकन झुकते, आणि त्याच कारणाने तिचं पुढचं चाक जरा चंचल असतं. वरून तुम्ही जोरात रेस दिली की वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं. त्याच वेळी पुलाचा जोड आला किंवा रस्त्यावर उंचवटा आला, तर झटक्याला निमित्त मिळतं.

आपल्याकडे निमित्तांची कमी नाही. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटालाटांचा होतो. महामार्ग सोडून दर्यापूर, अकोट, अंजनगावकडे वळलं की हे कंबरेला कळतंच. हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आलेला चिखल, वाळत घातलेलं सोयाबीन, हे वेगळंच.

इथे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण औषध वेगळं आहे. पहिल्यात फक्त हँडल आणि पुढचं चाक जोरजोरात हलतं, सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा. याला इंग्रजीत वॉबल म्हणतात. फार वाढलं की हँडल टाकीवर आपटतं, म्हणून पोरं त्याला टँक स्लॅपर म्हणतात. दुसऱ्यात सगळी गाडीच सापासारखी डोलते, मागचा भाग आधी हलतो, आणि वेग कमी असतो, सेकंदाला २ ते ४ वेळा. हे वीव्ह.

रॉबिन शार्प नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं, त्यात हे दोन्ही प्रकार वेगळे दाखवले. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की हँडलवर डॅम्पर लावला तर वॉबल दबतो, पण जास्त वेगात होणारं वीव्ह त्याच डॅम्परमुळे वाढू शकतं. म्हणजे मागून डोलणाऱ्या गाडीला कडक डॅम्पर बसवला तर पैसे देऊन धोका विकत घेतल्यासारखं आहे.

आधी हे तपासा (घरीच होतं, अर्धा तास लागतो)

मागे पॅडॉक स्टँड लावा, नसेल तर गाडी मधल्या स्टँडवर घ्या. पुढचं चाक हवेत राहील असा चेसिसखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा द्या. सायलेन्सरखाली देऊ नका. एक माणूस धरायला ठेवा, गाडी अंगावर आली तर हौस महागात पडेल.

पहिला कोन सेट. याला कोणी बॉल रेसर म्हणतं, कोणी हँडल सेट. समोर उकिडवं बसा, दोन्ही शॉकअप खालून धरा आणि पुढे-मागे ओढा. हाताला टक-टक जाणवलं तर सेट ढिला आहे. मग हँडल दोन बोटांनी अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर आल्यावर खटका लागत असेल, हँडल तिथे बसू पाहत असेल, तर आतल्या वाट्यांना गोळ्यांनी खड्डे पाडले आहेत. अशी गाडी सरळ रस्त्यावर आपोआप इकडे-तिकडे शोधत चालते. ढिला असेल तर आवळून होतं, खड्डे पडले असतील तर पूर्ण सेट बदलावा लागतो. नुसतं ग्रीस भरून पाठवणाऱ्याकडून गाडी परत आणा. आणि उलटंही लक्षात ठेवा: काही ठिकाणी तक्रार केली की सेट इतका आवळून देतात की हँडल जड होतं. तेव्हाही गाडी डोलते, कारण हँडल स्वतःहून मध्यावर येऊच शकत नाही. चाक हवेत असताना हँडल मध्यापासून थोडं ढकललं तर ते स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडायला हवं.

दुसरं टायर. आधी हवा. मागच्या चाकाजवळ किंवा चेनगार्डवर कंपनीचं स्टिकर असतं, त्यात एकट्याचा आणि डबल सीटचा आकडा वेगळा असतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. पंक्चरच्या दुकानात 'पुढे पंचवीस मागे पस्तीस' हा सगळ्या गाड्यांना एकच मंत्र चालतो, त्याच्यावर जाऊ नका. मग टायरवर आडवा हात फिरवा. महामार्गावर सरळच चालवून मधला भाग सपाट झाला असेल किंवा कडेला खाली-वर दातरे पडले असतील, तर थरथर तिथूनच येते. वेग कमी करताना साठ-सत्तरच्या आसपास हँडल हलत असेल आणि त्याच्या वर-खाली थांबत असेल, तर बहुतेक वेळा दोषी पुढचा टायर किंवा त्याचं बॅलन्सिंगच निघतं. ते पाहायला हायवेवर दोन्ही हात सोडून बघण्याचा प्रकार पोरं करतात, तो बिलकुल करू नका.

तिसरं रिम. चाक हवेत असताना फिरवा आणि शॉकअपला एक काडी टेकवून ठेवा. रिम काडीच्या जवळ-दूर होत असेल तर रिम आउट आहे. अलॉय रिम ठोकून सरळ करून देणारे भेटतात. महामार्गावर चालणाऱ्या गाडीला तशी रिम वापरू नये असं माझं मत आहे.

चौथं मागचं चाक. चेन आवळताना दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवल्या नसतील तर मागचं चाक तिरपं बसतं. स्विंग आर्म, ज्याला मिस्त्री चिमटा म्हणतात, त्याचे बुश गेले असतील तर चाक हाताने आडवं हलवलं की कळतं. मागून डोलणाऱ्या गाडीचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं, नाहीतर मागे बांधलेल्या सामानात. मागे पेटी, तिच्यावर बॅग, तिच्यावर गावाकडून दिलेलं तुरीच्या डाळीचं पोतडं, आणि गाडी शंभरवर! यात कोणता डॅम्पर काय करणार.

पाचवं, गाडी कधी पडली होती का. सेकंड हँड घेतली असेल तर हे विक्रेता सांगत नाही. पुढून वीस पावलं दूर उभे राहून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. वाकलेला शॉकअप किंवा टी असेल तर ते आधी. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत असेल तर तेही आधी.

यातलं एकही बिघडलेलं असताना डॅम्पर लावला तर थरथर काही दिवस दबून राहील. बिघाड मात्र आत वाढत जाईल, आणि ज्या दिवशी तो डॅम्परलाही आवरणार नाही, त्या दिवशी वेग जास्त असेल.

मग डॅम्पर कोणाला हवा

खरं सांगायचं तर आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना. तीनशे-चारशे सीसीच्या वरची गाडी, पुढून हलकी, मालक ती ट्रॅकवर नेतो किंवा लांबच्या प्रवासाला नेतो, वरचं सगळं तपासून झालं आहे, आणि तरी उंचवट्यावर रेस देताना हँडल एक-दोन झटके देतं. अशांनी घ्यावा. १५०-२०० सीसीवाल्यांनी तेच पैसे चांगल्या टायरला आणि हेल्मेटला घालावेत.

निवडताना

दोन प्रकार मिळतात. दांडीवाला, म्हणजे लांबट, सायकल पंपासारखा. आणि गोल, डबीसारखा, जो हँडलच्या मधोमध टीवर बसतो. दांडीवाला स्वस्त असतो, जास्त गाड्यांना बसतो. गोल महाग असतो, पण नीट झाकलेला राहतो आणि चांगल्या गोल डॅम्परमध्ये हँडल मध्यावर परत येताना अडवलं जात नाही, अशी सोय करता येते. ओलिन्स, हायपरप्रो, बिटुबो ही या धंद्यातली जुनी नावं. बाहेरून येतात, म्हणून किंमत ऐकून घाम फुटतो. त्याच रंगाचे, त्याच नावाचे दोन-चार हजारांत ऑनलाइन मिळतात, ते काय असतात हे वेगळं सांगायला नको.

नाव काहीही असो, हातात घेऊन ही परीक्षा करा. दांडी पूर्ण आत-बाहेर सावकाश करा. दोन्ही दिशांना जोर सारखा लागला पाहिजे. दिशा बदलताना सुरुवातीला दांडी पोकळ गेली, म्हणजे थोडं अंतर काहीच जोर न लागता सरकली, तर आत हवा आहे. असा डॅम्पर नेमक्या थरथरीच्या छोट्या हालचालीत कामच करणार नाही. नॉब सगळ्यात सैल करून आणि सगळ्यात कडक करून फरक बघा. कितीतरी स्वस्त डॅम्परांच्या नॉबला वीस क्लिक असतात आणि आवाजापलीकडे काही होत नाही. दोन्ही टोकांच्या गोल सांध्यांत ढिलेपणा नको. दांडीवर तेलाचा ओलावा नको. ऑनलाइन मागवला तर ही परीक्षा पार्सल उघडताना करा आणि उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

दुसरी गोष्ट, जिच्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात: दांडीची चाल. हँडल पूर्ण डावीकडे नेऊन डॅम्परच्या दोन्ही जोडांमधलं अंतर मोजा, मग पूर्ण उजवीकडे नेऊन मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे लागणारी चाल. डॅम्परची चाल त्याहून थोडी जास्त हवी, म्हणजे दोन्ही टोकांना काही मिलिमीटर शिल्लक राहिले पाहिजेत. कमी पडली तर हँडल कंपनीच्या स्टॉपरला टेकण्याआधी डॅम्परला टेकेल. मग एक दिवस यू-टर्न घेताना हँडल अर्ध्यातच अडेल आणि तुम्ही भर चौकात आडवे व्हाल.

शक्यतो तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण संच घ्या, क्लॅम्प आणि पट्ट्यांसकट. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून पट्टी करून बसवायचा मोह होईल. करू नका. चेसिसला छिद्र पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, हा नियम पक्का.

बसवताना

क्लॅम्प शॉकअपच्या नळीवर येत असेल तर कुठे येतो ते बघा. साध्या शॉकअपला टीच्या खालची चकचकीत नळी शॉकअप पूर्ण दबला की आत जाते. तिथे क्लॅम्प लावला तर सील फाटतं आणि शॉकअप मध्येच अडतो. उलट्या शॉकअपला वरची जाड नळी असते, तिच्यावर क्लॅम्प चालतो, पण जास्त आवळला तर नळी दबते. सोबतच्या कागदावर टॉर्क दिलेला असतो, तेवढाच. हात मोकळा आहे म्हणून पाना अजून अर्धा फेरा फिरवायचा नाही.

बसवून झाल्यावर इंजिन चालू करा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आवाज वाढला तर रेसची केबल ताणली जाते आहे. ब्रेकची नळी, क्लचची केबल, वायरिंग, टाकी, कशालाच डॅम्पर घासता कामा नये. ५०-१०० किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा पाहा.

सेट करताना

सुरुवात नेहमी सगळ्यात सैलपासून. नॉब बहुतेक डॅम्परांत घड्याळाच्या दिशेने फिरवला की कडक होतो, पण कागद वाचून खात्री करा. सगळा सैल करा आणि तिथून क्लिक मोजा.

रिकाम्या मैदानात, बाजार समितीच्या आवारात सुटीच्या दिवशी किंवा एखाद्या लेआउटमध्ये, अगदी हळू चालवा. दहा-पंधराच्या वेगात इंग्रजी आठचा आकडा काढा. डॅम्पर आहे हे कळायलाही नको. दोन क्लिक वाढवा, पुन्हा आठ काढा. असं करत एक वेळ येईल की हळू चालवताना गाडी सरळ ठेवायला तुम्हाला हँडलशी झटावं लागेल, गाडी थोडी नागमोडी जाईल. ती मर्यादा. तिथून तीन-चार क्लिक मागे या आणि तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. यापुढे जायचं नाही, कोणी काहीही सांगो.

आता नेहमीच्या रस्त्यावर, फलकावर लिहिलेल्या वेगाच्या आत, सैलपासून सुरू करून पुन्हा दोन-दोन क्लिकने वर या. पुलाच्या जोडावरून जाताना हँडलचा झटका एकदाच येऊन थांबतो, दुसरा येत नाही, तिथे थांबा. बहुतेकांना हा आकडा वाटला त्याच्यापेक्षा सैल बाजूलाच सापडतो. नॉब पूर्ण कडक करून फिरणारा माणूस डॅम्पर वापरत नाही, तो हँडल बांधून फिरतो आहे. समोर अचानक म्हैस आली तर हँडल पटकन वळलंच पाहिजे.

आपल्या हवेचा एक मुद्दा कोणत्याच कंपनीच्या कागदावर नसतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं लोखंड त्याहून तापतं. गरम तेल पातळ होतं, डॅम्पर सैल पडतो. डिसेंबरच्या पहाटे तेच तेल घट्ट होतं आणि हँडल जड लागतं. म्हणून एकदा केलेली सेटिंग बारा महिने चालत नाही. उन्हाळ्याची एक, हिवाळ्याची एक, असे दोन आकडे लिहून ठेवा. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाणार असाल तर घाट सुरू होण्याआधी दोन क्लिक सैल करा. वळणावळणाच्या रस्त्यावर वेग कमी आणि हँडलचं काम जास्त असतं, तिथे कडक डॅम्पर हात दुखवतो आणि वळण चुकवतो.

धुतल्यावर दांडी कोरड्या फडक्याने पुसा. धुळीसकट दांडी आत-बाहेर झाली की सील जातं. तेल गळायला लागलं तर डॅम्पर काढून ठेवा. अर्धा भरलेला डॅम्पर नसल्यापेक्षा वाईट, कारण तो एका बाजूला अडवतो आणि दुसऱ्या बाजूला सोडतो.

आरटीओ आणि विम्याचं काय

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. कलम १८२अ मध्ये मालकाने नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बोल्टने बसणारा, काढता येणारा डॅम्पर आणि चेसिस कापून केलेला बदल यात फरक आहे, पण रस्त्यावर तो फरक समजावत बसण्यापेक्षा गाडी एमएच-२७ असो की एमएच-३०, आपल्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय स्पॅनर लावू नका.

चालवताना हँडल हलायला लागलंच तर

डॅम्पर असो वा नसो, हे सगळ्यांनी वाचावं. घरात ज्याच्या हातात गाडी आहे त्यालाही सांगावं.

पहिली इच्छा होते हँडल घट्ट आवळून धरायची. त्याने थरथर वाढते, कारण आता तुमचं अख्खं अंग त्या हलण्यात सामील होतं. पकड हलकी करा, हात सोडू मात्र नका. कोपरं ढिली ठेवा. टाकी दोन्ही गुडघ्यांनी घट्ट दाबा, शरीराचं वजन पायांवर आणि गुडघ्यांवर घ्या. छाती टाकीकडे झुकवा, म्हणजे पुढच्या चाकावर वजन येतं. रेस एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करायची. पुढचा ब्रेक दाबायचा नाही. वेग उतरला की थरथर आपोआप मरते.

मागे कोणी बसलं असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की अशा वेळी चालवणाऱ्याचे खांदे पकडायचे नाहीत. कंबर धरायची आणि स्थिर बसायचं.

मग गाडी डाव्या कडेला घ्या आणि पाच मिनिटं थांबा. पाणी प्या. टायरची हवा बघा, सामान सरकलं आहे का बघा, पुढचं चाक आडवं हलवून बघा. तिथून घरापर्यंत पन्नासच्या आत. आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेल्यावर 'डॅम्पर लावून द्या' म्हणण्याऐवजी इतकंच म्हणा, "दादा, पुढचं चाक उचला आणि कोन सेट पाहा."